जुन्या संगणकावरील लिनक्समधील बिघाड-निवारण

जुन्या संगणकावर लिनक्स ही संचालन प्रणाली स्थापित केल्यानंतर संगणक अचानक गोठणे, आपोआप पुन्हा सुरू होणे, पडदा काळा पडणे किंवा संगणक सुरूच न होणे अशा अडचणी उद्भवू शकतात. त्यांची कारणे क्रमाने शोधून त्या दूर करण्याच्या प्रक्रियेस बिघाड-निवारण म्हणतात. या बिघाडांची कारणे स्थूलमानाने चार गटांत मोडतात: झिजलेले किंवा सदोष हार्डवेअर, जुन्या प्रोसेसरला न पेलणारे सॉफ्टवेअर, ग्राफिक्स व वीजव्यवस्थापनाशी संबंधित ड्रायव्हरमधील दोष आणि मेमरीची कमतरता. बाह्य लक्षणे पुष्कळदा सारखीच असल्यामुळे केवळ लक्षणावरून कारण ठरवणे शक्य नसते. म्हणून एका वेळी एकच शक्यता तपासून वगळत जाणे हे या प्रक्रियेचे मूलतत्त्व मानले जाते.

पार्श्वभूमी

लिनक्स कर्नेल, म्हणजे या प्रणालीचा गाभा, लिनस तोरवाल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये इंटेल ३८६ प्रोसेसर असलेल्या संगणकावर लिहिण्यास सुरुवात केली. कमी क्षमतेच्या संगणकावरही चालणारी प्रणाली अशी लिनक्सची ओळख तेव्हापासून आहे. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आवश्यक असल्यामुळे चालू स्थितीतील अनेक संगणक तिच्यासाठी अपात्र ठरतात. अशा संगणकांचे आयुष्य वाढवण्यासाठी लिनक्सचा वापर केला जातो.

मात्र लिनक्सलाही जुन्या हार्डवेअरचा आधार अनंतकाळ देता येत नाही. ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्सचा जन्म झाला, त्याचा आधार फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या कर्नेलच्या ३.८ आवृत्तीत काढून टाकण्यात आला. शिवाय कर्नेल आणि वितरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्नेलमध्ये एखाद्या प्रोसेसरचा आधार शिल्लक असला, तरी उबुंटू, डेबियन, फेडोरा यांसारखी वितरणे तो आधी बंद करू शकतात.

नव्या स्थापनेनंतर जुने दोष उघड होण्याची कारणे

लिनक्स स्थापित केल्याबरोबर संगणक बंद पडू लागला, तर दोष लिनक्सचाच असावा असा समज साहजिकपणे होतो. पुष्कळदा दोष आधीपासून हार्डवेअरमध्ये दडलेला असतो आणि नव्या प्रणालीमुळे तो केवळ उघडकीस येतो. याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

लिनक्स रिकामी मेमरी पडून ठेवत नाही. डिस्कवरून वाचलेल्या फाइल पुन्हा लागतील या अपेक्षेने तो त्या उरलेल्या मेमरीत साठवतो. त्यामुळे पूर्वी क्वचितच वापरात येणारे मेमरीचे भाग आता सतत वापरले जातात. त्यातील एखादा भाग सदोष असल्यास चुकीची माहिती वाचली जाते. प्रणालीची स्थापना ही स्वतःच एक कठोर चाचणी असते. हजारो संक्षेपित फाइल उलगडताना प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क या तिघांवर दीर्घकाळ ताण पडतो. वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरला निद्रावस्थेत नेण्याची लिनक्सची पद्धतही अन्य प्रणालींहून वेगळी असते.

१९९० च्या दशकात कर्नेलचे संकलन करताना संकलक 'सिग्नल ११' हा दोष दाखवून मध्येच थांबत असे. पुन्हा आज्ञा दिल्यावर तो वेगळ्याच ठिकाणी थांबला, तर कारण बहुधा सदोष मेमरी हेच असते, असा अनुभव त्या काळातील वापरकर्त्यांना आला. त्यातून निघालेला नियम आजही उपयोगी आहे: सॉफ्टवेअरचा दोष सहसा त्याच कृतीनंतर त्याच ठिकाणी पुन्हा दिसतो, तर हार्डवेअरचा दोष दर वेळी जागा बदलतो. हा नियम निरपवाद नाही, परंतु तपासाची दिशा ठरवण्यास तो पुरेसा असतो.

बिघाडांचे प्रकार

कर्नेल पॅनिक: गाभ्याला पुढे काम चालू ठेवणे अशक्य किंवा धोक्याचे वाटल्यास तो संगणक जागीच थांबवतो. पडद्यावर मजकूर दिसतो किंवा पडदा गोठतो. काही संगणकांवर कळफलकावरील कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकू लागतो. कर्नेलच्या ६.१० आवृत्तीपासून असा संदेश चित्ररूप पडद्यावरही दाखवण्याची सोय झाली.

ऊप्स: हा गाभ्यातील तुलनेने सौम्य दोष होय. संबंधित प्रक्रिया बंद केली जाते आणि संगणक बहुधा चालू राहतो, मात्र त्यानंतरची त्याची स्थिती विश्वासार्ह राहत नाही.

पूर्ण गोठणे: माउस, कळफलक व पडदा यांपैकी काहीच प्रतिसाद देत नाही आणि कोणताही संदेश दिसत नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर, वीजव्यवस्थापन किंवा हार्डवेअर यांतील दोषांमुळे असे घडते.

आपोआप पुन्हा सुरू होणे किंवा एकदम बंद पडणे: वीजपुरवठा संच, अतिउष्णता किंवा मदरबोर्डवरील भाग यांकडे हे लक्षण बोट दाखवते.

एखादाच प्रोग्राम बंद पडणे: दर वेळी तोच प्रोग्राम बंद पडत असल्यास दोष त्या प्रोग्राममध्ये किंवा त्याच्या प्रोसेसरविषयक अपेक्षेत असण्याची शक्यता अधिक असते.

प्रमुख कारणे

प्रोसेसरची मर्यादा

पीएई ही सुविधा ३२-बिट प्रोसेसरला ४ जीबीपेक्षा अधिक मेमरी वापरू देते. अनेक वितरणांनी ती अनिवार्य केली. उबुंटूने १२.१० आवृत्तीपासून पीएई नसलेले कर्नेल देणे थांबवले. पेंटियम एम या लॅपटॉप-प्रोसेसरच्या काही नमुन्यांत ही सुविधा प्रत्यक्षात असते, परंतु प्रोसेसर ती जाहीर करत नाही. त्यासाठी कर्नेलला 'फोर्सपीएई' हा पर्याय द्यावा लागतो.

पेंटियम ३ आणि एएमडी अ‍ॅथलॉन एक्सपी या प्रोसेसरांत एसएसई२ हा सूचनासंच नाही. क्रोम व फायरफॉक्स यांच्या अलीकडील आवृत्त्यांना तो आवश्यक असल्याने त्या अशा संगणकांवर चालू शकत नाहीत. प्रोसेसर ६४-बिट असला म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ९ व्या आवृत्तीला ६४-बिट सूचनासंचाची दुसरी पातळी लागते. कोअर २ ड्युओ प्रोसेसर ६४-बिट असूनही ही अट पूर्ण करत नाही. डेबियनच्या १३ व्या आवृत्तीत (ऑगस्ट २०२५) ३२-बिट पीसींसाठी कर्नेल व स्थापनासंच दिलेला नाही.

मेमरीतील दोष

मेमरीपट्टीच्या संपर्कबिंदूंवर साचलेली धूळ व गंज, दोन वेगळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र बसवणे आणि खुद्द मेमरीपेशी निकामी होणे ही यामागील नेहमीची कारणे आहेत. निरनिराळे प्रोग्राम कारणाविना बंद पडणे, डाउनलोड केलेली फाइल तपासणी-बेरजेशी न जुळणे आणि पॅकेज उलगडताना ते खराब असल्याचा संदेश येणे ही त्याची लक्षणे होत.

डिस्क व तिची जोडणी

डिस्कवर लिहिताना दोष आढळल्यास डेबियन व उबुंटूच्या नेहमीच्या मांडणीत मूळ फाइलप्रणाली केवळ वाचनापुरती खुली ठेवली जाते. वापरकर्त्याला फाइल साठवता येत नाहीत, एकामागून एक प्रोग्राम अडतात आणि संगणक बिघडल्यासारखा भासतो. प्रत्यक्षात ही माहिती वाचवण्यासाठी केलेली योजना असते.

अतिउष्णता आणि वीज

पंख्यात व उष्णतावाहक पत्र्यांत साचलेली धूळ आणि प्रोसेसरवरील वाळलेला उष्णतावाहक लेप यांमुळे तापमान वाढते. ठरावीक मर्यादेपलीकडे प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो आणि शेवटी संगणक बंद होतो. साधारण १९९९ ते २००७ या काळातील अनेक मदरबोर्ड व वीजपुरवठा संचांत सदोष द्रावणाचे विद्युतधारक, म्हणजे कपॅसिटर, वापरले गेले होते. त्यांचे वरचे टोक फुगते किंवा फुटून तपकिरी द्रव बाहेर येतो. असा भाग दिसल्यास सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या कोणत्याही बदलाचा उपयोग होत नाही.

ग्राफिक्स ड्रायव्हर

एनव्हिडियाच्या कार्डांसाठी 'नूव्हो' हा मुक्त ड्रायव्हर कर्नेलसोबत येतो. काही जुन्या कार्डांवर त्यामुळे पडदा गोठतो. दुसरीकडे, कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हरच्या ३४० मालिकेचा आधार २०१९ च्या अखेरीस आणि ३९० मालिकेचा आधार २०२२ च्या अखेरीस संपला. त्यामुळे हे ड्रायव्हर नव्या कर्नेलशी जुळतीलच याची खात्री देता येत नाही.

वीजव्यवस्थापन

याचे सर्वपरिचित उदाहरण इंटेलच्या २०१३ मधील बे ट्रेल प्रोसेसरांचे आहे. सेलेरॉन जे१९०० व सेलेरॉन एन२८४० यांसारखे हे प्रोसेसर स्वस्त लॅपटॉप व छोट्या संगणकांत वापरले गेले. प्रोसेसर खोल निद्रावस्थेत जाताना संगणक पूर्ण गोठत असे आणि नोंदवहीत काहीच उमटत नसे. निद्रावस्थेची कमाल पातळी १ वर मर्यादित करणारा पर्याय कर्नेलला दिल्यावर गोठणे थांबत असे. मात्र त्यामुळे विजेचा वापर वाढतो. पुढील आवृत्त्यांतील दुरुस्त्यांमुळे परिस्थिती बरीच सुधारली.

मेमरीची कमतरता

१ किंवा २ जीबी मेमरी असलेल्या संगणकावर आधुनिक ब्राउझरमध्ये काही पाने उघडताच मेमरी अपुरी पडते. संगणक मेमरीतील मजकूर सतत डिस्कवर हलवू लागतो, डिस्कचा दिवा अखंड पेटलेला राहतो आणि पडदा काही मिनिटे जागचा हलत नाही. यास बिघाड म्हणता येत नाही, ती कमालीची मंदगती असते. शेवटी कर्नेलमधील मेमरी-रक्षक यंत्रणा, म्हणजे ओओएम किलर, बहुधा मोठा प्रोग्राम निवडून बंद करते. तशी नोंद ती कर्नेलच्या नोंदवहीत ठेवते.

निदानाचा क्रम

१. माहितीची प्रत: तपास सुरू करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या साधनावर उतरवून घ्याव्या लागतात. निकामी होत चाललेल्या डिस्कवर प्रत्येक चाचणी ही तिची अखेरची चाचणी ठरू शकते. डिस्क वाचताना अडखळत असल्यास वाचता येणारा भाग आधी उचलणारे जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन वापरले जाते.

२. लाइव्ह सत्र: यूएसबीवरून, काहीही स्थापित न करता, तेच वितरण चालवून पाहिले जाते. लाइव्ह सत्रातही संगणक तसाच गोठत असेल, तर स्थापना व डिस्क यांवरील संशय कमी होतो. तिथे तो तासन्‌तास सुरळीत चालत असेल, तर डिस्क किंवा स्थापित प्रणालीची मांडणी तपासावी लागते.

३. नोंदवही: 'डीमेसेज' ही आज्ञा चालू सत्रातील कर्नेलचे संदेश दाखवते. बिघाडानंतर मात्र आधीच्या सत्राच्या नोंदी लागतात. सिस्टमडी असलेल्या वितरणांत 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने त्या मिळतात, पण त्यासाठी नोंदी डिस्कवर कायम ठेवण्याची मांडणी असावी लागते. मशीन चेक, डिस्कची वाचनत्रुटी, ग्राफिक्स संच अडकणे आणि मेमरी संपणे यांविषयीचे संदेश विशेष महत्त्वाचे असतात. नोंद एकाएकी तुटलेली असणे हाही एक पुरावाच असतो. वीज गेल्यास किंवा हार्डवेअर जागीच अडकल्यास गाभ्याला काही लिहिण्याची संधीच मिळत नाही.

४. मेमरी चाचणी: मेमटेस्ट८६+ हे साधन कोणत्याही संचालन प्रणालीविना स्वतंत्रपणे चालते. किमान एक पूर्ण फेरी, आणि शक्य असल्यास रात्रभर चाचणी घेतली जाते. एकही त्रुटी स्वीकारार्ह मानली जात नाही. त्रुटी आढळल्यास संगणक बंद करून व वीज तोडून एकेक पट्टी स्वतंत्रपणे तपासतात. तीच पट्टी प्रत्येक खाचेत त्रुटी दाखवत असेल तर दोष पट्टीचा असतो. प्रत्येक पट्टी एकाच खाचेत त्रुटी दाखवत असेल तर दोष मदरबोर्डचा असतो.

५. डिस्क चाचणी: 'स्मार्टसीटीएल' हे साधन डिस्कने स्वतः ठेवलेला आरोग्य-अहवाल वाचते. त्यातील क्रमांक ५ हा बदललेल्या भागांची आणि क्रमांक १९७ हा वाचता न येणाऱ्या, निर्णय प्रलंबित असलेल्या भागांची संख्या दाखवतो. हे आकडे वाढत असल्यास डिस्क बदलणे इष्ट असते. क्रमांक १९९ चा आकडा वाढत असेल आणि बाकीचे स्थिर असतील, तर बहुधा डिस्क ठीक असून तिची केबल सदोष असते. फाइलप्रणालीची दुरुस्ती करणारे 'एफएसचेक' हे साधन ती फाइलप्रणाली जोडलेली असताना चालवू नये, अन्यथा माहितीची हानी होते.

६. तापमान: 'एलएम-सेन्सर्स' या संचाद्वारे तापमान पाहता येते. संगणक केवळ जड काम करताना बंद पडत असल्यास हे पडताळणे आवश्यक असते.

७. ग्राफिक्स: ग्रबच्या यादीत 'ई' ही कळ दाबून कर्नेलच्या ओळीत 'नोमोडसेट' हा पर्याय जोडला जातो. त्यानंतर संगणक व्यवस्थित सुरू झाला, तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरकडे निर्देश करतो. अशा प्रकारे केलेला बदल त्या एका सत्रापुरताच टिकतो, त्यामुळे प्रयोग निर्धोक असतो. 'नोमोडसेट' हा निदानाचा उपाय आहे. तो कायम ठेवल्यास पडद्याचे काम मंदावते.

८. कर्नेल बदलून पाहणे: ग्रबच्या प्रगत पर्यायांतून आधीचे कर्नेल निवडता येते. जुने कर्नेल स्थिर आणि नवे अस्थिर असल्यास दोष त्या दोन आवृत्त्यांमधील बदलात असतो.

प्रत्येक टप्प्यावर एकच बदल करून त्याचा परिणाम लिहून ठेवणे आवश्यक असते. एकाच वेळी मेमरी, ड्रायव्हर आणि कर्नेल बदलल्यास संगणक दुरुस्त झाला तरी कारण अज्ञातच राहते, आणि बिघाड परत आल्यास तपास पहिल्यापासून करावा लागतो.

सुरू होतानाचे बिघाड

मूळ फाइलप्रणाली जोडता न आल्याचा संदेश देऊन कर्नेल पॅनिक येत असेल, तर प्रारंभिक मेमरी-संच अपूर्ण असणे हे त्याचे एक सामान्य कारण असते. बूट विभाजन भरले असताना कर्नेलचे अद्ययावतन झाल्यास तो संच अर्धवट लिहिला जातो. आधीच्या कर्नेलने संगणक सुरू करून, जुनी कर्नेल-पॅकेजे काढून हा संच पुन्हा तयार करणे हा त्यावरील उपाय होय.

२८-बिट पत्ते वापरणाऱ्या जुन्या बायोसला सुमारे १३७ जीबीपलीकडील डिस्क वाचता येत नाही. कर्नेल त्या मर्यादेपलीकडे साठवले गेल्यास ग्रबला ते सापडत नाही. यासाठी डिस्कच्या आरंभी लहान बूट विभाजन करण्याची पद्धत रूढ झाली. मदरबोर्डवरील ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल संपल्यास घड्याळ मागे जाते. परिणामी सुरक्षा-प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि अद्ययावतने अडतात. हा दोषही अनेकदा प्रणालीच्या माथी मारला जातो.

गोठलेला संगणक सुरक्षितपणे पुन्हा सुरू करणे

वीजबटण दाबून धरल्यास न लिहिलेली माहिती नष्ट होते. त्याऐवजी मॅजिक सिसरिक्यू ही कर्नेलची सोय वापरता येते. ऑल्ट आणि सिसरिक्यू, म्हणजे बहुधा प्रिंट स्क्रीन, या कळा धरून आर, ई, आय, एस, यू, बी या कळा क्रमाने व थोड्या अंतराने दाबल्या जातात. यातील एस माहिती डिस्कवर लिहिण्याची, यू फाइलप्रणाली केवळ वाचनापुरत्या करण्याची आणि बी संगणक पुन्हा सुरू करण्याची आज्ञा देते. अनेक वितरणांत यातील काही आज्ञा मुळात बंद ठेवलेल्या असतात. या कळांना प्रतिसाद मिळणे म्हणजे गाभा जिवंत असून केवळ पडदा किंवा एखादा प्रोग्राम अडकला आहे, असा निष्कर्ष निघतो.

उपाय

हार्डवेअरच्या बाबतीत धूळ काढणे, उष्णतावाहक लेप नव्याने लावणे, सदोष मेमरीपट्टी बदलणे आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवणे हे तुलनेने कमी खर्चाचे उपाय आहेत. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली आढळल्यास तो वापरणे त्वरित थांबवावे लागते, कारण अशी बॅटरी पेट घेऊ शकते. मेमरीतील सदोष भागाचा पत्ता निश्चित असल्यास आणि पट्टी बदलणे शक्य नसल्यास, कर्नेलला तेवढा भाग वगळण्याची सूचना देता येते.

मेमरी अपुरी असल्यास झेडरॅम उपयोगी पडते. कर्नेलच्या ३.१४ आवृत्तीपासून मुख्य शाखेत असलेली ही सुविधा मेमरीतील मजकूर संक्षेपित करून मेमरीतच ठेवते. फेडोराने ३३ व्या आवृत्तीपासून ती मूळ मांडणीत आणली. यासोबत एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखे हलके डेस्कटॉप निवडले जातात. झुबुंटू, लुबुंटू, एमएक्स लिनक्स, अँटीएक्स व पपी लिनक्स ही वितरणे हलकेपणासाठी ओळखली जातात. प्रोसेसरचे मायक्रोकोड व उपकरणांचे फर्मवेअर स्थापित केल्यानेही काही बिघाड दूर होतात. डेबियनने २०२२ मधील मतदानानंतर १२ व्या आवृत्तीपासून आवश्यक ते अमुक्त फर्मवेअर अधिकृत स्थापनासंचात समाविष्ट केले.

जुने संगणक नव्या कामासाठी देताना चाचणीचा कालावधी विशेष महत्त्वाचा असतो. एक-दोन तास नीट चाललेला संगणक दुरुस्त झाला असे म्हणता येत नाही. आठवड्यातून एकदा गोठणारा संगणक किमान काही आठवडे बिघाडाविना चालावा लागतो.

भारतातील संदर्भ

पुणे येथे मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, डेबियनवर आधारित 'बॉस' हे भारतीय भाषांना आधार देणारे वितरण विकसित केले. त्यात मराठीचाही समावेश आहे. केरळमधील काइट ही शासकीय संस्था राज्यातील शाळांसाठी उबुंटूवर आधारित वितरण तयार करते. भारतात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू आहेत. दुरुस्तीपलीकडे गेलेला संगणक अधिकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे देणे आणि त्यापूर्वी डिस्कवरील खासगी माहिती पुसणे आवश्यक असते.

मर्यादा

सर्वच बिघाडांचे निवारण शक्य नसते. मदरबोर्डवरील सूक्ष्म जोडणी सुटणे, वापरात नसलेल्या ग्राफिक्स संचाचा ड्रायव्हर उपलब्ध नसणे किंवा प्रोसेसरला आवश्यक सूचनासंच नसणे या अडचणींवर सॉफ्टवेअरचा उपाय नाही. सुरक्षा-अद्ययावतने मिळणे बंद झालेले वितरण जुन्या संगणकावर स्थिर चालत असले, तरी ते इंटरनेटला जोडणे धोक्याचे असते. अशा संगणकाचा उपयोग टंकलेखन, जुन्या फाइल पाहणे किंवा प्रोग्रामिंगचा सराव अशा इंटरनेटविरहित कामांपुरता मर्यादित ठेवता येतो.